लवंग : मसाल्याच्या डब्यातली आणि बाटलीतली

(मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही दोघांनी दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी हे विषय या मंचावर होऊन गेलेत, तेवढे सोडून काय ते बोला, म्हणाले. आम्ही घरी विचार केला आणि मसाल्याच्या डब्यातली लवंग घेऊन तुमच्यासमोर यायचं ठरवलं. आमच्यातला एक चौतीस वर्षं दातांचा दवाखाना चालवतो आणि दुसरी जवळजवळ तितकीच वर्षं आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. औषधांच्या बाबतीत घरात आमचं एकमत होणं अवघड असतं. लवंगेच्या बाबतीत मात्र ते झालं आहे. कशामुळे झालं, तेही आज सांगणार आहोत.

लवंग आपल्याला परकी नाही. आज सकाळी बाप्पापुढे जो विडा ठेवला, त्यात ती टोचलेली होती. परवा नारळी पौर्णिमेला नारळीभातासाठी तुपात पाच-सहा लवंगा तडतडल्या असतील. गोड्या मसाल्यात ती आहे, कटाच्या आमटीत आहे. आपले आजे-पणजे होळकरांच्या काळात इंदूरला आले, तेव्हा गोडा मसाला बरोबर घेऊन आले आणि इथे आल्यावर माळव्यानं त्यांच्या हातात लौंगची शेव ठेवली! आता तर आपली मुलं पोह्यांवर ती शेव नसेल तर पोहे अर्धे सोडतात. फटाक्यातली लवंगी आणि मिरचीतली लवंगी या दोघींनाही नाव हिचंच. आकार लहान आणि काम मोठं, म्हणून असेल.

लवंग हे फळ नाही आणि बीही नाही. ती न उमललेली कळी आहे. झाडावर कळ्या हिरव्याच्या गुलाबी होऊ लागल्या की फुलायच्या आत खुडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. वर जे गोल डोकं दिसतं त्या मिटलेल्या पाकळ्या. या झाडाचं मूळ घर इंडोनेशियातली मालुकू बेटं. टर्नाटे, टिडोरे अशा चार-पाच लहान बेटांवरूनच शेकडो वर्षं साऱ्या जगाला लवंग जात होती. तिच्यासाठी पोर्तुगीज आले, मग डच आले, आणि भाव पडू नये म्हणून डचांनी ठरावीक बेटं सोडून बाकीची झाडं तोडून टाकली. पुढे अठराव्या शतकात फ्रेंचांनी रोपं पळवून मॉरिशसला नेली, तिथून ती झांजीबारपर्यंत गेली. आपल्या देशात इंग्रजांनी १८००च्या सुमारास तामिळनाडूत लागवड सुरू केली. कन्याकुमारीच्या डोंगरातल्या लवंगेला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तरी सियागंजात आपण जी लवंग घेतो, तिच्यातली बरीच अजून समुद्रापलीकडूनच येते.

झाड आपल्याकडे उशिरा आलं, पण वाळलेली कळी फार आधी आली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, तोंड स्वच्छ आणि सुगंधी राहावं म्हणून ज्या वस्तू तोंडात धरायला सांगितल्या आहेत, त्यांत जायफळ, सुपारी यांच्याबरोबर लवंग आहे. आपला जेवणानंतरचा विडा इतका जुना आहे. आयुर्वेदात तिला देवकुसुम असंही नाव आहे. चवीला तिखट आणि कडू, पचायला हलकी, भूक वाढवणारी, पाचक, कफ कमी करणारी असे तिचे गुण सांगितले आहेत. बहुतेकांना आश्चर्य वाटेल अशी गोष्ट म्हणजे, जिभेला झोंबणाऱ्या या लवंगेला भावप्रकाशात थंड म्हटलं आहे. म्हणूनच आम्लपित्तावर दिल्या जाणाऱ्या अविपत्तिकर चूर्णात ती असते. खोकल्यावर आपण जी लवंगादि वटी चघळतो, ती लोलिंबराजांच्या वैद्यजीवन या ग्रंथातली. लवंग, मिरी, बेहड्याची साल, कात आणि बाभळीच्या सालीचा काढा, असा तिचा पाठ आहे.

आता या सगळ्या पाठांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, ती लक्षात घ्या. लवंग एकटी नाही, चार-सहा औषधांच्या संगतीत आहे. आणि ती कळी म्हणून आहे, चूर्ण करून, गुंजा-माशांच्या हिशेबात. तेल काढून चमच्यानं पाजलेली नाही.

लवंगेतलं मुख्य द्रव्य म्हणजे तिच्यातलं उडनशील तेल. चांगल्या लवंगेत वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असतं, आणि त्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल नावाचं द्रव्य. वास, झोंबणं, बधिरपणा, सगळी करामत त्याची. युजेनॉल लागलं की तिथल्या मज्जातंतूंचा वेदनेचा निरोप मेंदूकडे जाईनासा होतो. जंतूंची वाढही ते काही प्रमाणात रोखतं. दातांच्या दवाखान्यात शिरल्यावर जो ठरावीक वास येतो तो याचाच. झिंक ऑक्साइडची पूड आणि युजेनॉल कालवून केलेलं सिमेंट दातांत तात्पुरतं भरायला आजही वापरतात. कुवेतमधल्या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुई टोचण्याआधी हिरडीवर एका गटाला लवंगेचा लेप आणि एका गटाला नेहमीचं बधिर करणारं औषध लावलं. टोचण्याचं दुखणं दोन्हींत सारखंच कमी झालं. तेव्हा आजीनं दुखऱ्या दाढेखाली लवंग धरायला सांगितली, त्यात काही खोटं नव्हतं.

मग आम्ही इथे काय सांगायला आलो? तर ही गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी गौरीजेवणाच्या आदल्या रात्री आमच्या आत्याबाईंची दाढ ठणकू लागली. त्या तेव्हा शहात्तर वर्षांच्या. घरात दाताचा डॉक्टर असून त्यांनी दाढ कधी दाखवली नव्हती. "अरे, लवंगेचं तेल लावते की, राहतं तेवढ्यानं," हे त्यांचं उत्तर. तसं त्या आठ महिने लावत होत्या. त्या रात्री त्यांनी कपाटातली बाटली काढली, बोळा भिजवून दाढेत धरला, आणि बाटली जेवणाच्या टेबलावर ठेवून झोपल्या. झाकण नुसतं टेकवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पंधरा माणसं. सोळा भाज्या चिरणं, पुरण वाटणं चाललेलं. आमचा नातू तेव्हा पावणेदोन वर्षांचा. तो कधी खुर्चीवर चढला ते कुणालाच कळलं नाही. सुनेला आधी वास आला, आणि मग त्याचं रडणं. बाटली हातात, सदरा भिजलेला, ओठ लालबुंद, तोंडातून लाळ गळतेय. दहा मिलिलिटरची बाटली. त्यात आधी किती होतं, सदऱ्यावर किती सांडलं आणि पोटात किती गेलं, काहीच सांगता येईना.

आत्याबाई म्हणाल्या, "लवंगच आहे ना रे, काही होत नाही. मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकेल." आणि तुम्हाला खरं सांगतो, क्षणभर आम्हीही थांबलो. दोघं डॉक्टर. एकानं आयुष्यभर दवाखान्यात हे द्रव्य वापरलेलं आणि एकीनं लवंगादि वटीच्या हजारो पुड्या बांधलेल्या. लवंगच तर आहे, हे वाक्य आमच्याही मनात येऊन गेलं. मग मिठाच्या पाण्याचा पेला बाजूला सारला, बाटली आणि पोराला घेतलं आणि गाडी काढली.

रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, "किती मिली?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. दुसरा प्रश्न, "उलटी करवलीत का?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, बरं केलंत. मग रक्तातली साखर, यकृताच्या तपासण्या, पुन्हा पुन्हा. दोन रात्री तो तिथे होता. बहुतेक तेल सदऱ्यावरच सांडलं असावं, कारण तोंड भाजण्यापलीकडे त्याला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी घरी आला आणि आल्या आल्या मोदक मागितला. त्या वर्षी आमच्या गौरी सवाष्णीविना जेवल्या, शेजारच्या काकूंनी नैवेद्य दाखवला.

त्या रात्री तो बरा आहे असं कळल्यावर आम्ही स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन बसलो. शंभर लवंगा मोजल्या, त्या दहा ग्रॅमच्या आसपास भरल्या. म्हणजे एक लवंग दहावा भाग ग्रॅम. तिच्यात तेल धरा सतरा मिलिग्रॅम. आता पाच मिलिलिटरचा चहाचा एक चमचा लवंगेचं तेल घ्या. ते पाण्यापेक्षा किंचित जड असतं, म्हणून वजन सव्वापाच ग्रॅम. भागाकार केलात तर उत्तर येतं जवळजवळ तीनशे. एका चमच्यात तीनशे लवंगा! आपण वर्षभराच्या गोड्या मसाल्यात तरी इतक्या घालतो का?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं युजेनॉलची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे २.५ मिलिग्रॅमपर्यंत ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला १५० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण दहा लवंगा. जेवणातून आपण रोज इतक्या खात नाही, म्हणून मसाल्यातल्या लवंगेची काळजी नको. पण बारा किलोच्या मुलाला ही मर्यादा ३० मिलिग्रॅमची, आणि त्या एका चमच्यात चार हजारांहून जास्त. शंभर पटींच्या पुढे. वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या रुग्णांमध्ये पाच-दहा मिलिलिटर तेल पोटात गेलेली लहान मुलं काही तासांत बेशुद्ध झाली आहेत, त्यांना आकडी आली आहे, रक्तातली साखर एकदम खाली गेली आहे आणि एक-दोन दिवसांत यकृत निकामी होऊ लागलं आहे. पॅरासिटामॉल फार जास्त झाल्यावर यकृताला जी इजा होते, तशीच ही, आणि त्यावर जे औषध देतात तेच यातही दिलं गेलं आहे. मत्स्यपालनात मासे हाताळण्याआधी त्यांना गुंगी आणायला पाण्यात लवंगेचं तेल टाकतात. म्हणजे याच्यात ताकद किती आहे ते पाहा.

आणि त्या आत्याबाईंच्या दाढेचं काय झालं? बाळ घरी आल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं. हिरडी जागोजाग पांढरी पडलेली, रोज तेल लागून भाजलेली. दाढेच्या मुळाशी पू. त्या म्हणाल्या, "मधे तीन महिने अजिबात दुखली नाही, म्हणून मला वाटलं, बरी झाली."

मंडळी, दातांच्या दवाखान्यात हे वाक्य आठवड्यातून दोनदा ऐकू येतं. कीड आत शिरली की दातातली नस सुजते, तेव्हा ठणका लागतो. लवंग तो ठणका दाबते. कीड मात्र लवंगेनं थांबत नाही. ती आत जात राहते आणि एक दिवस नस मरते. नस मेली की दुखणं थांबतं. माणसाला वाटतं औषध लागू पडलं. प्रत्यक्षात जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरलेले असतात, आणि सहा महिन्यांनी गाल सुजतो. दुखत होती तेव्हा आली असती, तर आत्याबाईंची दाढ वाचवता आली असती. अनंत चतुर्दशीनंतर ती काढावी लागली. दुखणं थांबणं आणि रोग बरा होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं जरी आज तुम्ही घरी घेऊन गेलात, तरी आमचं येणं सार्थकी लागलं.

आता वापर कसा करायचा, ते क्रमानं सांगतो.

दाढ दुखत असेल आणि रात्रीची वेळ असेल, तर एक अख्खी लवंग दुखऱ्या बाजूला धरून हलकेच चावावी. तेलच वापरायचं तर लवंगतेलाचा एक थेंब तिळाच्या किंवा खोबरेल तेलाच्या चार-पाच थेंबांत मिसळावा, बोळ्याचं टोक त्यात बुडवून पिळावं आणि फक्त दातातल्या खड्ड्यात टेकवावं. हिरडीला, गालाला लागू देऊ नये. लाळ गिळू नये, थुंकावी. दिवसातून दोनदा पुरे. आणि हे एक-दोन दिवसांपुरतं, दाताच्या डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत. गालावर सूज, ताप, तोंड न उघडणं किंवा गिळायला त्रास असेल, तर त्याच दिवशी जायचं.

एक इशारा वेगळा. पन्नाशीच्या पुढच्या माणसाचा जबडा दुखतो आहे, बरोबर घाम सुटलाय, छाती जड वाटतेय, चालल्यावर दुखणं वाढतंय, तर ते दाताचं नसून हृदयाचं असू शकतं. तिथे लवंग चघळत बसू नका, १०८ ला फोन करा.

खोकल्याला, घशाच्या खवखवीला मोठ्या माणसानं एक लवंग तोंडात धरावी, दिवसातून दोन-तीन वेळा. चहात, काढ्यात दोघांमागे एक-दोन पुरतात. सकाळी उपाशीपोटी मूठभर लवंगा उकळून पिण्याचा जो सल्ला मोबाइलवर फिरतो, तो मानू नका. थोडी लवंग पचन सुधारते, पण जास्त झाली तर पोटात आग पडते. थंड म्हटलेली वस्तूही मात्रा सोडून घेतली की भाजते.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात अख्खी लवंग देऊ नये, घशात अडकते. नारळीभात वाढताना त्यांच्या ताटातल्या लवंगा वेचून काढाव्यात. दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीला लवंगेचं तेल लावू नये, पातळ करूनही नाही. कानात, नाकात, डोळ्याजवळ कुणालाच नाही. लवंग मधातून चाटवायची पद्धत आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यायचा नसतो.

हृदयासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भाजीतली लवंग चालेल. तेल पोटात घेणं किंवा लवंगेच्या कॅप्सूल नकोत, कारण युजेनॉलही रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणतं. ऑपरेशन किंवा दात काढणं ठरलं असेल, तर असं काही घेत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि यकृताचा आजार असताना जेवणापुरतीच लवंग. मधुमेहावर लवंगेचं पाणी म्हणून गोळ्या बंद करणारे आमच्याकडे आले आहेत. त्यांची साखर आम्ही पाहिली आहे, म्हणून सांगतो, असं करू नका.

चुकून मुलानं तेल प्यायलं, तर तोंड पुसा, ओकारी काढू नका, मीठ-पाणी पाजू नका. ओकताना ते तेल फुप्फुसात गेलं की दुसरं संकट. बाटली बरोबर घ्या आणि लगेच रुग्णालयात जा. मूल खेळतंय, हसतंय म्हणून घरी थांबू नका, यकृताचा त्रास दुसऱ्या दिवशीही दिसू शकतो.

खरेदीचं एक. बाजारात तेल काढून घेतलेली लवंगही मिळते. ती सुरकुतलेली, फिकट आणि हलकी असते. घरी आणल्यावर पेलाभर पाण्यात टाकून पाहा. चांगली लवंग तळाशी जाते किंवा डोकं वर करून उभी राहते, निःसत्त्व लवंग आडवी तरंगते. नखानं डोकं दाबलं तर बोट तेलकट झालं पाहिजे. डबा घट्ट झाकणाचा, गॅसच्या शेगडीपासून दूर. तेलाची बाटली काचेची, कारण काही प्लास्टिक या तेलानं मऊ पडतं. तीवर मोठ्या अक्षरांत नाव, आणि ती कुलुपात. देवघराच्या फळीवर नाही, उशाशी नाही, जेवणाच्या टेबलावर तर नाहीच.

आमच्या घरी आता ती बाटली ठेवतच नाही. मसाल्याचा डबा आहे, त्यात लवंग आहे, विड्याला टोचायला आहे. घरगुती उपायांवर आमचा विश्वास कमी झाला म्हणून नव्हे. आजीच्या हातात कळी होती, आपल्या हातात बाटली आली आहे, आणि आजीचा सल्ला बाटलीला जसाच्या तसा लागू होत नाही, एवढं आम्हाला उमगलं म्हणून.

नातू आता आठ वर्षांचा आहे. इथेच, दुसऱ्या रांगेत बसलाय. मघाच्या आरतीत सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता, तुम्ही ऐकलाच असेल. त्याच्या शेजारी आत्याबाई आहेत, आणि मघापासून चकली खात आहेत. नव्या दातांनी!

आमचं म्हणणं संपलं. आज रात्री घरी गेल्यावर एकदा औषधाचं कपाट उघडून पाहा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!